नवीन गाडी: नेव्हिगेशन कंपनीचं बसवून आलेलं घ्यावं की वेगळं लावावं? (बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी भागात फिरणाऱ्यांसाठी)

टिळकवाडीचा
मंडळी, दसऱ्याला गाडी घ्यायचं घरात ठरलंय. कंपनी ठरली, रंग ठरला (मला न विचारता). अडलंय ते मधलं मॉडेल की वरचं यावर. शोरूममधला पोरगा वरच्या मॉडेलच्या मागे लागलाय, कारण त्यात नेव्हिगेशन कंपनीकडूनच बसवून येतं. फरक लाखाच्या वर. त्या पैशात सनरूफ आणि जास्तीचे स्पीकरही येतात, पण आम्हाला त्याचं काय करायचंय?

मधल्या मॉडेलला स्क्रीन आहे, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले चालतं (म्हणजे फोन जोडला की फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर येतो), पण गाडीचा स्वतःचा नकाशा नाही. तिसरा पर्याय मेहुण्याने काढलाय. दुबईत वापरलेलं, काचेला चिकटवायचं जीपीएस यंत्र तो फुकट देतोय.

फिरणं असं: दर आठवड्याला खानापूरच्या पुढे शेतावर. पाहुण्यांना सोडायला-आणायला चोर्ला घाटातून गोव्याच्या मोपा विमानतळावर. सासुरवाडी दोडामार्ग. लेक पुण्यात. बायकोही गाडी चालवते, आणि तिला मी शेजारी बसून "आता डावीकडे" म्हटलेलं अजिबात खपत नाही. गावात नकाशाची गरज नाही, बाहेरचं सांगा.

घाटवाला
जांबोटी सोडलं की रेंज येतंय-जातंय. कणकुंबीच्या पुढं तर विषयच सोड. मी मोपा आणि दाबोळीची भाडी मारतो. नवीन पोरं फोनवर रूट लावतात, जांबोटीत चहाला थांबतात, ॲप बंद करतात, आणि परत चालू केलं की ते नुसतं गोल गोल फिरत बसतंय. माझ्या गाडीत कंपनीचं हाय. रेंज असो नसो, ते थांबत नाही. पावसाळ्यात कणकुंबीला धुकं असतंय तेव्हा पुढचं वळण केवढं हाय ते स्क्रीनवर आधी दिसतंय, त्याचा लई उपयोग. खरं समोरून येणारा टँकर नकाशात दिसत नाही, तेवढं ध्यानात ठेव.

पैसे असतील तर वरचंच घे भावा.

नकाशावेडा
घाटवाले म्हणतात तो अनुभव खरा आहे, पण दोष जीपीएसचा नाही, नकाशा कुठे ठेवलाय त्याचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की निम्मा प्रश्न सुटतो.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह संदेश पाठवतात, तुमचा फोन किंवा गाडी तो फक्त ऐकते. चार उपग्रह नीट ऐकू आले की जागा कळते. जीपीएस अमेरिकेचं, आता बहुतेक फोन त्यासोबत रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू हेही ऐकतात, आणि काही फोन आपल्या इस्रोचं नाविकसुद्धा. म्हणजे चोर्ल्याच्या उतारावरही फोनला स्वतःची जागा ठाऊक असते. नसतो तो खालचा नकाशा, कारण तो तुकड्यातुकड्याने नेटवरून येतो. कंपनीच्या नेव्हिगेशनचा नकाशा गाडीतच मेमरीत किंवा कार्डावर असतो, म्हणून ते चालत राहतं. फोनमध्ये तोच भाग आधी उतरवून ठेवला तर फोनही चालत राहतो.

नेट गेल्यावर आणखी एक गोष्ट जाते. उपग्रह त्या क्षणी नेमके कुठे आहेत, ही माहिती फोन नेटवरून पटकन घेतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि एका उपग्रहाची तेवढी माहिती ३० सेकंदांत एकदा फिरून येते. दाट झाडीत मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रूट घरून निघतानाच लावायचा आणि चहाला थांबलं तरी बंद करायचा नाही.

टिळकवाडीचा
हे शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही. मग लाखभर रुपये नेमके कशाचे?

वायरिंगवाला मिस्त्री
सनरूफचे. 😄

गंमत सोडा. माझं काम स्टिरिओ बसवायचं, रोज डॅश उघडतो, म्हणून सांगतो. कंपनीच्या नेव्हिगेशनला दोन गोष्टी जास्तीच्या असतात. एक, जीपीएसचा वेगळा अँटेना, छतावर किंवा काचेजवळ डॅशच्या आत. दोन, चाक किती फिरलं आणि गाडी किती वळली ते त्याला गाडीकडूनच कळतंय. त्यामुळं उपग्रह दिसेनासा झाला तरी थोडा वेळ अंदाजानं बाण पुढं सरकत राहतोय. पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात बघा, फोनचा बाण अडखळतोय, कंपनीचा सरळ जातोय. आता बोगद्यात वळायला जागाच कुठं हाय, ते सोडा! फायदा कळतो तो बाहेर आल्यावर लगेच फाटा असला तर.

बाहेरचा अँड्रॉइड स्टिरिओ घालायचा विचार असेल तर तीन गोष्टी बघा. गाडीची वायर कापायची नाही, कपलरवर (वायरच्या मूळ जोडावर) बसला पाहिजे, नाहीतर वॉरंटीला कंपनी हात वर करते. जीपीएस अँटेना म्हणजे काड्यापेटीएवढी काळी डबी असते, खाली चुंबक. ती पत्र्याच्या खाली लपवली की संपलं, आकाशाकडं तोंड आणि वर फक्त प्लॅस्टिक किंवा काच पाहिजे. आणि खोक्यावर लिहिलेली रॅम आत असतेच असं नाही, ऑन करून सेटिंगमध्ये बघून घ्या.

कंपनीच्या युनिटला मागं निळ्या रंगाचं जीपीएसचं टोक असतंय. मधल्या मॉडेलमध्ये काही वेळा अँटेनाच दिलेला नसतो. खरं तुमचा फोनच नकाशा चालवणार असेल तर त्याचं अडत नाही.

चंदगडची लेक
दादा, मी बेळगावात नोकरीला, माहेर चंदगडजवळ. शनिवार-रविवार एकटी जाते. माझं मत बायकोच्या बाजूने देते, कारण प्रश्न तिचाही आहे.

कंपनीच्या नेव्हिगेशनमध्ये गावाचं नाव टाकणं हीच शिक्षा. अक्षर अक्षर निवडत बसा. भावाच्या जुन्या गाडीत अजून "बेळगाव" जुन्याच इंग्रजी स्पेलिंगने शोधावं लागतं, शासनाने २०१४ ला बदललं तरी. खेड्यांचं तर विचारू नका, एकाच गावाचं मराठी माणूस एक लिहितो, कन्नड फलकावरून उतरवलेलं दुसरं असतं. फोनवर मी बोलून शोधते, नाही सापडलं तर आईला म्हणते लोकेशन पाठव. शेताच्या बांधाला पत्ता नसतोच. तुम्ही शेताच्या वाटेला जिथे वळता तिथे एकदा उभं राहून पिन जतन करा, "शेत" असं नाव द्या. वहिनींना तुमची गरजच उरणार नाही.

सूचनाही मराठीत ऐकता येतात. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" हे गुगलच्या बाईकडून ऐकून घ्यायला मला काही वाटत नाही. नवऱ्याकडून ऐकून घ्यायला वाटतं.

फोनची खोड मात्र सांगते. होल्डर काचेला लावला होता. मार्चमध्ये शिनोळीच्या पुढे उन्हात फोन एवढा तापला की स्क्रीन आपोआप अंधारली आणि चार्जिंग थांबलं. आता होल्डर एसीच्या जाळीला लावते, फोन गार राहतो. तुमच्या गाडीत स्क्रीन असेल तर फोन खणात ठेवून मोकळे व्हाल, तेच सगळ्यात बरं.

निवृत्त मास्तर
आम्ही एम-८० वरून अख्खा खानापूर तालुका फिरलो. तोंड होतं, विचारत गेलो.

घाटवाला
मास्तर, रात्री अकराला कणकुंबीच्या रानात कुणाला विचारू? गव्याला?

निवृत्त मास्तर
रात्री अकराला रानात जायचंच कशाला, हा माझा मूळ प्रश्न आहे.

दूधगंगेकाठचा
निपाणीकडून लिहितोय. तुमचं घाटाचं चाललंय, आमचं पाण्याचं ऐका. पावसाळ्यात जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड असले खालचे पूल पाण्याखाली जातात. गाडीतला नकाशा त्यावरूनच रस्ता दाखवतो, कारण त्याच्या लेखी पूल म्हणजे पूल, बारा महिने. फोनवर निदान बाकीच्या गाड्या फिरत नाहीत यावरून ॲपला काहीतरी संशय येतो, किंवा कुणीतरी रस्ता बंद म्हणून कळवलेलं असतं. तेही मोठ्या रस्त्याचं. खेड्यातल्या पुलावर कळवायला कोण बसलंय?

२०१९ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला तेव्हा सगळे नकाशे सारखेच निरुपयोगी होते. आम्ही गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठला पूल गेला ते बघून निघायचो, अजूनही तेच करतो. पावसाळ्यात रात्री कुठलंही यंत्र आडवाटेने "दहा मिनिटं वाचतील" म्हणालं तर हायवे सोडू नका. एवढंच.

नकाशावेडा
याला दुजोरा. ॲपला गर्दी कळते ती रस्त्यावरच्या फोनवरून. जिथे फोनच कमी जातात तिथे ते रस्त्याच्या प्रकारावरून वेग धरतं आणि हिशोब करतं. चढ किती, वळण किती उभं, याची त्याला फारशी फिकीर नाही. टिळकवाडीकर, तुमच्या दोडामार्गच्या रस्त्यावर हे हमखास होणार. पाटणे फाट्यावरून तिलारीनगर आणि खाली तिलारी घाट उतरून भेडशी, हा रस्ता अंतराला कमी म्हणून तोच पुढे येतो. उतार किती उभा आहे ते माहीत असणाऱ्याला ठीक, नवख्याने भरलेली गाडी घेऊन पावसात उतरू नये. अशा वेळी दुसरा पर्याय निवडता आला पाहिजे, आणि इथे एक मेख आहे: गुगल मॅप्सचा उतरवलेला नकाशा नेटशिवाय वापरला तर पर्यायी रस्ते आणि गर्दी दिसत नाही, एकच रस्ता मिळतो. म्हणून चोर्ला, आंबोली की तिलारी ते बेळगावात असतानाच ठरवायचं, मधला थांबा म्हणून साखळी किंवा सावंतवाडी टाकून ठेवायचं.

मी स्वतः फोनमध्ये दोन ॲप ठेवतो. एक नेहमीचं. दुसरं ऑरगॅनिक मॅप्स, ते पूर्णपणे उतरवलेल्या नकाशावर चालतं. त्याचा आधार ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे २००४ पासून लोकांनी मिळून काढलेला नकाशा. कुणी आपल्या गावची पाणंद काढली असेल तर आहे, नसेल तर नाही. खानापूर तालुक्यातल्या काही वाटा मी काढल्यात, गावांची नावं मराठी आणि कन्नड दोन्हीत टाकतो.

आणि हे शोरूमवाला सांगणार नाही: आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत बसवून येणारा नकाशा मॅपमायइंडियाचा असतो. त्याच कंपनीचं मॅपल्स ॲप फोनवर फुकट मिळतं. म्हणजे लाखाचा फरक नकाशासाठी देत असाल तर आधी तो नकाशा फोनवर महिनाभर वापरून बघा.

टिळकवाडीचा
हे जबरदस्त. मेहुण्याच्या यंत्राबद्दल कुणीच बोललं नाही. आज हातात घेऊन बघितलं. पाच इंची, चालू होतंय, नकाशात अख्खं आखात आहे. दुबईतली गल्ली न् गल्ली. भारत म्हटलं की मोकळा पांढरा पडदा, त्यावर मी एक ठिपका. बॅटरी वायर काढल्यावर जेमतेम टिकते.

वायरिंगवाला मिस्त्री
तसल्या यंत्रांचा नकाशा देशावार विकत घ्यावा लागतो. गार्मिनच्या जुन्या यंत्रांत ओपनस्ट्रीटमॅपवरून केलेला भारताचा नकाशा कार्डावर टाकून चालवतात लोक, खरं तेवढी खटपट करायला घरात कुणीतरी पाहिजे. गल्लीत असली यंत्रं दुरुस्तीला यायची बंदच झाली. काचेवरचा रबरी वाटीचा स्टँड उन्हानं कडक होतोय आणि एक दिवस घाटात मांडीवर पडतोय. नवीन विकत घेऊ नका, फुकट आलंय तर टाकूनही देऊ नका.

आणि कुणी काही लावताना एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका हो. समोरच्या सीटपुढं डॅशवर एसआरएस लिहिलेलं असतंय, त्याच्यावर. पिशवी फुटली तर यंत्र थेट तोंडावर.

कोर्टात फिरणारा
एक कायद्याचं सांगून जातो, कारण कुणी ना कुणी विचारणारच. फोन हातात धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, २०१९ च्या दुरुस्तीपासून. केंद्रीय नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून असा खुलासा आहे की हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. नियम केंद्राचा, त्यामुळे कागल ओलांडा नाहीतर गोव्यात उतरा, तोच लागू. पण मांडीवर फोन ठेवून "साहेब, मॅप बघत होतो" हे पोलीस ऐकून घेत नाही, आणि मीही ऐकून घेणार नाही. होल्डर लावा किंवा गाडीच्या स्क्रीनवर घ्या.

घाटवाला
सगळं ऐकलं. खरं मी माझ्यावर ठाम हाय. मला फोन भाड्याच्या कॉलला लागतोय. एकाच फोनवर रूट आणि पाहुण्यांचे फोन, दोन्ही चाललं की ऐन फाट्यावर कॉल येतोय आणि सूचना गिळून टाकतोय. कंपनीचं यंत्र कुणाचा फोन घेत नाही. धंद्याच्या गाडीला कंपनीचंच.

नकाशावेडा
धंद्याच्या गाडीसाठी मान्य. फक्त नकाशा शेवटचा कधी बदलला ते बघा. पुण्यात चांदणी चौकाचं नवीन जाळं २०२३ ला खुलं झालं. त्याआधीचा नकाशा असेल तर गाडी पुलावर आणि बाण शेतात. पहिली काही वर्षं अपडेट फुकट असतात, मग पैसे मागतात, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. गाडी दहा-बारा वर्षं वापरणार, तो नकाशा किती वर्षांचा होईल ते घेतानाच विचारा.

घाटवाला
विचारलं. सर्व्हिसिंगला दिली की करून देतात म्हणाले. मागच्या वेळी झालं नाही, सर्व्हर बंद होता म्हणे.

टिळकवाडीचा
मंडळी, आजची गंमत ऐका. टेस्ट ड्राइव्ह मागितली. आदल्या रात्री फोनमध्ये बेळगाव ते पणजी पट्टा उतरवून ठेवला. मधलं मॉडेल घेतलं, वायरने फोन जोडला, रूट लावला आणि बाहेर पडल्यावर फोन फ्लाइट मोडमध्ये टाकला. शोरूमचा पोरगा म्हणाला, सर आता चालणार नाही. जांबोटी रोडला लागलो. बाण गाडीबरोबर सरकतोय, प्रत्येक वळण वेळेवर, मराठीत सूचना चालू. मुद्दाम एका गावाकडे वळून बघितलं, लगेच नवीन रस्ता काढून दिला. फक्त गर्दीचे लाल-पिवळे रंग नाहीत आणि वाटेतल्या दुकानांची नावं बरीच कमी. पोरगा गप्प झाला, मग हळूच म्हणाला, सर, हे मला पण दाखवा की.

मग वरच्या मॉडेलची फेरी मारली. बाण खरंच जास्त स्थिर आहे, झाडीतही हलत नाही. मीटरच्या मध्येच पुढचं वळण दिसतं, मान वळवावी लागत नाही, हे आवडलं. पण आमच्या शेताच्या अलीकडचं गाव शोधायला बायकोला दिलं, तिने तीन वेगवेगळी स्पेलिंगं टाकली आणि मग हात जोडले.

मधलं बुक केलं. उरलेल्या पैशांवर घरात वेगळा धागा चालू आहे.

चंदगडची लेक
वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि उतरवलेला नकाशा काही काळाने शिळा होतो, घरच्या वायफायवर आपोआप नवा होईल अशी सेटिंग चालू ठेवा. पट्टा घेताना जरा मोठा चौकोन घ्या, आंबोली आणि सावंतवाडी आत येऊ दे. ऐनवेळी चोर्ला बंद झाला तर तिकडूनच जावं लागतं.

निवृत्त मास्तर
गणपती विसर्जनाला कपिलतीर्थाकडचे रस्ते बंद असतात, आणि दुसऱ्या गेटला रेल्वेसाठी गेट पडलेलं असतं. हे तुमच्या कुठल्या यंत्राला कळतं ते सांगा, मी घेतो.

टिळकवाडीचा
मास्तर, त्यासाठी तुमचा नंबर जतन करून ठेवलाय.

टेम्पोवाला, उद्यमबाग
जरा उशिरा आलो. माझे दोन टेम्पो आहेत, स्क्रीन वगैरे काही नाही, ड्रायव्हर बदलत असतात. प्रत्येकाचा फोन वेगळा, कुणाचा डेटा संपलेला, कुणाची काच फुटलेली. गोकाक, संकेश्वर, गडहिंग्लज अशी डिलिव्हरी असते. मला या टेम्पोतून काढून त्या टेम्पोत लावता येईल असं काहीतरी पाहिजे. टिळकवाडीकर, ते दुबईचं यंत्र देणार का?

टिळकवाडीचा
घेऊन जा, फुकट आलंय, फुकट देतो. भारताचा नकाशा तेवढा नकाशावेड्यांकडून टाकून घ्या.

नकाशावेडा
टाकून देतो. पण टेम्पोसाठी खरं तर घरातला जुना फोन जास्त बरा. सिमसुद्धा नको, वायफायवर नकाशा उतरवायचा आणि होल्डरला कायमचा अडकवायचा. गिऱ्हाइकांची ठिकाणं एकदा जतन केली की कुठलाही ड्रायव्हर बसू दे. ड्रायव्हरचा स्वतःचा फोन बोलायला मोकळा राहतो.

वायरिंगवाला मिस्त्री
टेम्पोचा जुना यूएसबी पॉइंट अर्ध्या अँपिअरचा असणार, त्याच्यावर नकाशा चालू ठेवून फोन चार्ज होत नाही, उलटा उतरतोय. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये २.४ अँपिअरचा चार्जर घाला. सॉकेट नसेल तर फ्यूज घालून लाइन काढून देतो, शनिवारी सकाळी या. दुपारी नको, डॅशला हात लावता येत नाही एवढा तापलेला असतोय.